पितृपक्षातली गोळी

श्राद्धाच्या खिरीचा वास आला की माझ्या जिभेवर ती कडवट गोळी येते. आमचं घर पंचवटीतलं, यात्रेकरूंची श्राद्धं घरीच व्हायची आणि सोवळ्याचा स्वयंपाक माझ्याकडे. एका पितृपक्षात सासूबाईंनी पाळी लांबवायची गोळी पुढे केली. “डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय, डोकं फुटतं,” मी म्हटलं. “अगं, बाहेर यजमान बसलेत! मी नाही का जन्मभर घेतल्या?” म्हणत त्या आपला सुजलेला पाय चोळू लागल्या. मी गोळी गिळली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी वडे तळत राहिले. जेवून उठताना यजमानीणबाई म्हणाल्या, “साक्षात अन्नपूर्णा!” यंदा, पन्नाशीला, माझी पाळी कायमची गेली. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं बाई, आता कधीच अडचण नाही.” म्हणजे बाजूला बसायला मिळायचे ते चार दिवसही गेले.