नानाभावोजींची दोन माणसांची गाडी

नानाभावोजींना आयुष्यात एकही गोष्ट नुसती आवडली म्हणून आवडली नाही. हापूस ते कोठा साफ राहतो म्हणून खात. रविवारी दुपारी रेडिओवरची नाट्यगीतं ऐकत, ती डोकेदुखीला उतार पडतो म्हणून. चौपाटीवर कुल्फी खाल्ली तर घरी येऊन सांगत, "घसा धरला होता, थंड खाल्लं की जरा मोकळा होतो." थंड खाऊन घसा मोकळा झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. हे माझे थोरले दीर. माझगावच्या गोदीत बोटींच्या इंजिनांवर फोरमन होते. तिथे त्यांनी आवाज चढवला की भलेभले चळाचळा कापत म्हणे. घरात मात्र दुसरा पापड मागून घ्यायचा तरी आधी पोटात वात धरलेला असे.

अशा माणसानं विलायती स्पोर्ट्‌सची गाडी घेतली, तेव्हा आमच्या गिरगावातल्या वाडीला किती कारणं ऐकावी लागली असतील, तुम्हीच बघा.

गोदीतला एक गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला होता. जाताना त्यानं आपली लाडकी गाडी भावोजींना देऊ केली, कारण तिचं इंजिन या एका माणसाशिवाय कोणाच्या हातात तो देत नसे. गडद हिरवी, बुटकी, पुढे लांबलचक नाक, मागे दुमडणारं कापडी टप आणि बसायला फक्त दोन जागा. किंमत अशी, की तेवढ्यात दादरला ब्लॉक आला असता. हे वाडीतल्या प्रत्येकानं त्यांना एकदा तरी ऐकवलं. घरात माणसं आम्ही पाच: माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी वाडी माई म्हणे, नानाभावोजी आणि वहिनी, शिवाय माझे यजमान आणि त्या वर्षीच लग्न होऊन आलेली मी. पाच माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी.

खरं कारण भावोजींनी फक्त आपल्या धाकट्या भावाला सांगितलं होतं, आणि अर्थातच त्यांच्याकडून ते मला कळलं. सौदा ठरवून आले त्या संध्याकाळी भावोजी माझ्या यजमानांना गॅलरीच्या टोकाला घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "हिला एकदा वरळीपर्यंत न्यायचंय. आम्ही दोघंच. चार जण बसतील अशी घेतली असती तर चार जण बसले असते रे."

त्यांच्या लग्नाला तेव्हा दहाबारा वर्षं झाली असतील. मूलबाळ नव्हतं, तो विषय घरात कोणी काढत नसे. दोघं मिळून कधी कुठे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. नाटकाला जायचं तर माई बरोबर, देवळात माई बरोबर, आणि चौपाटीवर तर अर्धी वाडीच बरोबर. दोघंच निघाली असती तर घरात कोणी वाईट म्हटलं असतं असंही नाही. फक्त "कुठे निघालात?" एवढं विचारलं असतं. त्या प्रश्नाला "उगीच, फिरायला" असं उत्तर असू शकतं, हे भावोजींना ठाऊकच नव्हतं.

गाडी वाडीत शिरली तो रविवार होता. सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. वहिनी औक्षणाचं तबक घेऊन खाली उभ्या होत्या. हौसेनं अबोलीचा गजरा माळला होता. एवढ्यात माई जिन्यात आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नाना, हे काय रे आणलंस?"

भावोजींनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा वरच्या गॅलऱ्यांकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "तुझ्यासाठीच घेतली, माई. तुझे गुडघे दुखतात. बाबुलनाथाला जायला-यायला बरी."

माईंच्या गुडघ्यांना त्या दिवसापर्यंत काही झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून दुखायला लागले. वहिनींनी गाडीच्या नाकावर कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि माईंना हाताला धरून गाडीत बसवलं. दारात अडकलेलं त्यांचं लुगडं आत सारून दारही वहिनींनीच लावलं.

माई दुष्ट नव्हत्या, हे इथेच सांगून ठेवते. त्यांनी मनापासून विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष. देवळात भेटेल त्या बाईला सांगत, "माझ्या नानानं माझ्यासाठी घेतली हो. सुनेसाठी घेणारे पुष्कळ असतात." सांगताना त्यांचे डोळे भरून येत. आता त्या माउलीला त्या जागेवरून उठवायचं कोणी आणि कुठल्या तोंडानं? भावोजी निमूटपणे बाबुलनाथाला जात आणि निमूटपणे परत येत. माईंना वारा लागू नये म्हणून टप लावलेलं असे, आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चाललेली असे.

वाडीचं मात्र गुडघ्यांनी समाधान होईना. "म्हातारीला न्यायला टॅक्सी नव्हती?" असं लोक तोंडावर विचारू लागले. तेव्हा भावोजींनी दुसरं कारण काढलं, "शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीनडीला होईल." वाडीनं त्यांना शब्दात धरलं. कोणाचा पाय मुरगळला, बोलवा नानांना. कोणाचा जावई बोरीबंदरला उतरतोय, बोलवा नानांना. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मध्येच गोळीबार झाल्याच्या बातम्या यायच्या आणि रस्ते ओस पडायचे. अशाच एका कर्फ्यूत खालच्या मजल्यावरच्या दळवींच्या सुनेला कळा सुरू झाल्या. भावोजींनी तिला शेजारच्या जागेवर बसवलं. नवऱ्याला जागाच नाही, म्हणून तो दुमडलेल्या टपावर पाय सोडून बसला आणि पोलिसांना दिसावं म्हणून उशीचा पांढरा अभ्रा दोन्ही हातांनी उंच धरून ओरडत राहिला, "डिलिव्हरी आहे! डिलिव्हरी आहे!" नाक्यावर शिपायानं काठी आडवी घालून "कुठे?" म्हणून विचारलं. भावोजींकडे त्या दिवशी पहिल्यांदाच खरं कारण होतं. ते त्यांनी असं काही ठणकावून सांगितलं, की शिपाई दोन पावलं मागे सरला. मुलगा झाला. दळवींच्या घरी तो अजून 'मोटारवाला' म्हणूनच ओळखला जातो. गाडीत काय काय सांडलं होतं ते दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुसून काढलं. आमच्या घरात गाडीजवळ त्याच सगळ्यांत जास्त असत, फडकं घेऊन.

मग तिसरं कारण आलं, आणि ते वाडीतल्या तरुण मंडळींनी अक्षरशः ओढून काढलं. "इथे मुंबईसाठी माणसं छातीवर गोळ्या झेलतायत, आणि नाना विलायती गाडी उडवतायत," असं एक जण नळावर सर्वांदेखत बोलला. हे भावोजींना फार लागलं. दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे जेवले, पण कारण न सांगता जेवले. तिसऱ्या दिवशी कोणी काही विचारलं नसताना गॅलरीतून म्हणाले, "गाडी चळवळीच्याच कामाची आहे. घेतानाच माझ्या मनात होतं."

त्याच संध्याकाळी गाडीच्या नाकावर कर्णा बांधला गेला. शेजारच्या जागेवर परळचे कदम नावाचे कार्यकर्ते येऊन बसू लागले. गिरणीत मागावर काम करणारा रांगडा, दिलदार माणूस. आल्या आल्या त्यांनी गाडीवर थाप मारली आणि म्हणाले, "नानांनू, ही गाडी न्हय, तोफ आसा तोफ!" गोदी सुटली की भावोजी घरी येत आणि ही तोफ लालबाग-परळकडे सुटे. मागे पत्रकांचे गठ्ठे, पुढे कदमांचा आवाज. भावोजींची छाती तेव्हा फुगलेली असे हे खरं आहे, आणि तीही काही खोटी नव्हती. मुंबई आपल्याला हवी होतीच. मी आणि वहिनीही मोर्चात गेलो होतो.

पण एके दिवशी गोदीत निघताना भावोजी स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले आणि वहिनींना म्हणाले, "सहाला तयार राहा." बस्स, तेवढंच. वहिनींनी दिवसभर मला काही सुचू दिलं नाही. ही साडी बरी की ती, केस वाऱ्यानं उडतील का, कानांवरून रुमाल बांधला तर बावळट दिसेल का. पावणेसहाला त्या मोतिया रंगाची साडी नेसून बसल्या. सहाला भावोजी आले, आणि त्यांच्या पाठोपाठ कदम धावत जिना चढून आले. लालबागची सभा अचानक ठरली होती. कदमांनी वहिनींना पाहिलं आणि बिचारे ओशाळले. "वयनींनू, खंय भायर जाऊचा होता काय तुमका?"

भावोजी वहिनींकडे बघत राहिले. वहिनीही त्यांच्याकडे बघत राहिल्या. उत्तर भावोजींनी द्यायचं होतं. मग भावोजी म्हणाले, "छे छे. ती हळदीकुंकवाला निघालीय."

ते गेल्यावर मी तडकले. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. म्हटलं, "वहिनी, तुम्ही सरळ खाली जाऊन गाडीत बसत का नाही? कोण उठवणार आहे तुम्हाला?"

वहिनी पदराची पिन काढत होत्या. म्हणाल्या, "बसायला काय, बसेन गं. पण ते नुसतं बसणं होईल. मला वरळी नको नि काही नको. एकदा तोंडानं म्हणू देत चारचौघांत, की हिच्यासाठी घेतली. मग गाडी जागची हलली नाही तरी चालेल."

मी हे यांच्यामार्फत भावोजींच्या कानांवर घातलं. भावोजींनी मान हलवली. "कळतंय रे मला," म्हणाले. "रोज ठरवतो. जिभेवर येतं, आणि समोरच्याचं तोंड बघितलं की दुसरंच काहीतरी बाहेर पडतं." गोदीतली गंजून बसलेली इंजिनं हा माणूस हातोडीच्या दोन ठोक्यांत चालू करायचा.

माई गेल्या त्या अगदी सुखानं गेल्या. शेवटच्या आजारात समाचाराला येणाऱ्यांना गाडीचीच गोष्ट सांगत होत्या. भावोजी पायथ्याशी बसून ऐकत असत. त्यानंतर वर्षभर गाडी ताडपत्रीखाली होती. दुखवट्यात ती बाहेर काढायची कशी? वर्षश्राद्ध झालं आणि थोड्याच दिवसांनी महाराष्ट्राचं राज्य झालं.

त्या दिवसाचं मी काय वर्णन करू? गिरगावात दारोदारी तोरणं, गुढ्या, पेढे. संध्याकाळी रोषणाई बघायला सारी मुंबई रस्त्यावर येणार होती. कोणी कोणाला "कुठे?" म्हणून विचारत नव्हतं, कारण सगळेच उगीच फिरायला निघाले होते. भावोजींनी सकाळीच ताडपत्री काढली. दुपारभर इंजिनाशी खुडबुड केली. टप मागे दुमडलं. ऊन उतरल्यावर नवा सदरा घालून गाडीत बसले आणि वर बघून हाक मारली, "अगं, येतेस ना?"

वहिनी खाली गेल्या. तीच मोतिया साडी. मी गॅलरीच्या कठड्याला रेलून उभी होते. वहिनींनी गाडीच्या दाराला हात घातला. खाली ओट्यावर दळवी बसले होते. भला माणूस. कौतुकानंच म्हणाले, "वा नाना! आज जोडीनं? रोषणाई बघायला वाटतं?"

एक 'हो' पुरे होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

"नाही नाही," भावोजी म्हणाले, "हिला जरा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून आणतो."

"आज?" दळवी हसले. "आज कुठला डॉक्टर उघडा असणार, नाना?"

गॅलऱ्यांतून हशा उठला. वाईट नव्हता, सणाच्या दिवशी माणसं हसतात तसाच होता. भावोजीही हसायचा प्रयत्न करत होते. वहिनींचा हात दारावर तसाच होता. त्या वाकून त्यांना काहीतरी म्हणाल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, पण भावोजींचे ओठ हलले ते दिसलं. दळवींनी कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणालात, नाना?"

"काही नाही," भावोजी म्हणाले.

वहिनींनी दारावरचा हात काढला आणि जिना चढून वर आल्या. भावोजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. वाडी रिकामी होत गेली, लोक हसतखेळत शेजारून निघून गेले, जाताना कोणी त्यांना पेढा दिला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला. मला वाटत होतं खाली धावत जावं आणि त्यांना गदागदा हलवावं, आणि मला हेही कळत होतं, की त्यानं काहीएक होणार नाही.

वर वहिनींनी साडी बदलली, घडी केली आणि ट्रंकेत ठेवली. मग मला म्हणाल्या, "तुझ्या यजमानांना सांग, ह्यांच्या कानांवर घालू देत. आता गाडी विकून टाका म्हणावं."

मला रडू येत होतं. मी म्हटलं, "अहो पण वहिनी, एवढ्या हौसेची गाडी. लोक विचारतील. ते लोकांना काय सांगणार?"

वहिनींनी ट्रंकेचं झाकण लावलं. त्यांनी खरोखरच विचार केला. "सांगा म्हणावं," त्या म्हणाल्या, "हिला वारा सोसत नाही."

पुढच्या महिन्यात गाडी गेली. भावोजींनी वाडीत, गोदीत, परळला कदमांना, सगळ्यांना हेच सांगितलं, आणि सांगताना त्यांना केवढं हायसं वाटे ते मला दिसत असे. एवढ्या वर्षांत त्या गाडीपायी त्यांनी नाना कारणं दिली, पण लोकांनी उलटून एकही प्रश्न विचारला नाही असं कारण हे एकच.