फोंड्याची बाग आणि माझ्या मरणाचा दाखला

माझ्या मेव्हण्यानं मला फसवलं. दत्तारामनं, म्हणजे बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावानं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकली की लोक भलत्याच माणसाकडं बोट दाखवतात.

मंद्रूपच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन मी सुपारी विकायला सुरुवात केली आणि सोलापुरात मंगळवार पेठेत स्वतःचं दुकान थाटलं. माल यायचा गोव्यातून, फोंड्याहून. तिथल्या बागायतदाराशी मी भावावरून वर्षानुवर्षं इतका भांडलो, की शेवटी कंटाळून त्यांनी मला मुलगी दिली. (सुपारीचा भाव मात्र कमी केला नाही!)

सासरे वारले. मागं सुपारीची बाग राहिली. तिकडचा कायदा मुलीलाही वाटा देतो, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मी दत्तारामला पत्र टाकलं. त्याचं गोड उत्तर आलं. 'भावोजी, ताईनं इंग्रजी अमलातला नवरा केला, त्यामुळं तिचं पोर्तुगीज नागरिकत्व गेलं. नागरिकत्व नाही तर बाग नाही. मी द्यायला एका पायावर तयार आहे, पण कायदा आडवा येतो.'

समोरचा कायद्याचं नाव काढतो तेव्हा माल दडवलेला असतो, हे मी बाजारात शिकलो. पण या वेळी वकिलानंही मान हलवली. नागरिकत्व खरंच गेलं होतं. परत मिळायची सोय होती, पण लग्न संपल्यावर. म्हणजे, नवरा मेल्यावर.

"म्हणजे मी मरायचं?" मी विचारलं.

"कायद्याला घाई नाही," वकील म्हणाला आणि फी घेतली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मेल्यावर किती दिवसांत मिळतं?" (नुसतं माहितीसाठी विचारलं म्हणे!)

मी हार मानणारा माणूस नव्हे. प्रत्यक्ष मरण महाग पडत असेल तर कागदावरचं घ्यावं, एवढा व्यवहार मला कळतो. मंद्रूपचा पाटील माझ्या ओळखीचा. जन्ममृत्यूचं बुक त्याच्याच घरी. त्यानं नोंदीसाठी सुपारीचं एक पोतं मागितलं. मी अर्ध्यावर आणलं. मग आजारावर घासाघीस सुरू झाली.

"पटकी लिवू का, शेठ? झटक्यात मरतंय मानूस. कुनी इचारत न्हाय."

पटकी झालेल्याच्या दुकानातली सुपारी कोण खाणार? मी साफ नकार दिला. साप चावल्याचं म्हणाला, तेही मला पटेना. सुपारीचा व्यापारी सापावर पाय देईल इतका आंधळा नसतो. शेवटी हिवतापावर जमलं. पाटील म्हणाला, खाली एक सही लागतीया. मी केली. सौदा जिंकल्यावर सहीला आढेवेढे घेणं मला आवडत नाही.

मरणाच्या नोंदीचा उतारा खिशात घालून आम्ही गाडीत बसलो. मी बायकोला समजावलं, की तू आता विधवा, मी तुझा दीर, तेव्हा कुंकू पूस.

"कागदावर तुम्ही काय मरायचं ते मरा," ती म्हणाली. "कुंकू पुसणार नाही. माहेरी चाललेय मी. चार बायका बघतील."

आणि रुपयाएवढं कुंकू लावून ती फोंड्याच्या कचेरीत शिरली!

कारकून म्हातारा, सावकाश कामाचा. त्यानं उतारा वाचला, कुंकू पाहिलं, पुन्हा उतारा वाचला आणि त्यावर शिक्का मारून दप्तराला लावला. मग चष्मा काढून विचारलं, "बाय, तुला हे नागरिकत्व हवं कशाला?"

"बापाच्या बागेतला वाटा घ्यायला."

तो हसायला लागला. वाट्याला नागरिकत्व कशाला हवं, म्हणाला. बापाची मुलगी आहेस एवढं पुरे. बाईमाणसाच्या अर्जावर फक्त नवऱ्याची सही लागते.

दीर म्हणून मी कोपऱ्यात उभा होतो. मला राहवलं नाही. "आणा इकडं, करतो सही!"

"तुम्ही दीर ना?"

"दीर कसला? मीच नवरा!"

"कपाळ बघून मला वाटलंच," कारकून म्हणाला. "पण कपाळ दप्तराला लावता येत नाही. दप्तरात हा कागद आहे. तुम्ही जिवंत असाल तर दाखला खोटा, आणि खोट्या दाखल्याला तुरुंग. मेला असाल तर सही चालत नाही, आणि तुम्ही समोर उभे असताना विधवेचा अर्ज मी घेणार नाही. काय लिहू?"

आयुष्यभर मी पहिल्या भावाला कधी हो म्हटलं नाही. तिथं म्हटलं.

"मेलेलाच लिहा."

दत्ताराम स्टेशनवर पोचवायला आला. बायकोच्या हातात पसाभर सुपारी ठेवून मला म्हणाला, "भावोजी, तब्येतीला जपा."

मी तडक मंद्रूप गाठलं आणि पाटलाला म्हणालो, मला जिवंत कर.

"शेठ, बुकात जन्माचं पान हाय, मरनाचं पान हाय. परत आल्याचं पान सरकारनं दिल्यालंच न्हाय की."

मग माझा तोल गेला. भर चावडीवर ओरडलो, की जिवंत माणसाच्या मरणाची खबर ज्यानं दिली, त्याला इथं उभा करा. पाटलानं बुक उघडलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. 'खबर देणाराची सही.' सही लफ्फेदार होती. गेली वीस वर्षं मी हुंडीवर करतो तीच.

तरी माझी मागणी कायम आहे. खोटा कायदा सांगितल्याचा जाब दत्तारामनं द्यावा. अर्धं पोतं खाल्ल्याचा पाटलानं द्यावा. आणि न वाचता सही करणारं ते गाढव कुणीतरी माझ्यासमोर आणून उभं करावं. त्याला मी सोडणार नाही.

(बायको मघापासून आरसा शोधतेय.)