एका गाडीचे दोन विमे

आमची गाडी एकच, पण तिचे विमे दोन उतरवले गेलेत, हे मला लोणावळ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात कळलं. नवऱ्याने मोबाइलवर एक फाइल पाठवली होती, "प्रिंट काढून गाडीत ठेव." माझ्याकडेही गाडीच्या विम्याची एक होती. त्याची न उघडताच मी दोन्ही दुकानदाराला पाठवून दिल्या. त्याने कागद मशीनमधून काढले, वर-खाली बघितले आणि विचारलं, "मॅडम, दोन गाड्या घेतल्यात का?"

"नाही हो, एकच आहे."

"मग नंबर तर दोन्हीवर एकच आहे. कंपन्या वेगळ्या."

मी तिथंच बाकावर बसले.

हे झालं कसं, ते सांगते. मी लोणावळ्यात एका दवाखान्यात परिचारिका आहे. नवरा तळेगावच्या एका कारखान्यात कामाला, पाळ्या बदलत राहणाऱ्या. घर औंढ्याला, सासऱ्यांसोबत. आठवड्यातले चार दिवस आमची भेट दारातच होते. एक आत येत असतो, दुसरा बाहेर निघालेला. आदल्या वर्षी विम्याची मुदत संपून आठ दिवस उलटले तरी दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यावरून जे भांडण झालं, त्यात आम्ही लग्नातल्या मानपानापर्यंत जाऊन पोचलो. म्हणून या वर्षी दोघांनीही मनाशी ठरवलं, की आपणच आधी काम उरकायचं आणि मग सांगायचं. त्याने कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून मोबाइलवर विमा घेतला. मी घेतला वलवणच्या मावशींकडून.

या मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. दवाखान्यात डबे पोचवायच्या, तेव्हाची ओळख. मुलगी नोकरीला लागल्यावर त्यांनी डबे बंद केले आणि पन्नाशी ओलांडल्यावर विमा एजंटची परीक्षा दिली. पहिल्या वेळी नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पास झाल्या, तेव्हा आख्ख्या दवाखान्याला पेढे वाटले. त्यांची पहिली पॉलिसी मी घ्यायची, हे मी पेढा तोंडात असतानाच कबूल करून बसले होते.

संध्याकाळी नवरा घरी आला तसे मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने एक वाचला, दुसरा वाचला आणि म्हणाला, "तू मला विचारलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस?"

"माझा स्वस्त आहे. तुझा रद्द कर."

"रद्द होणार नाही. मी शब्द दिलाय."

सासरे ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते तिथूनच म्हणाले, "आरं, गाडी एक, तिला दोन कुंपणं कशाला? एक काढा. पर भांडू नगा, शेजारी ऐकत्यात."

नवऱ्याने त्याच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. घेतल्यापासून ठरावीक दिवसांत ती रद्द करता येत होती. गेलेल्या दिवसांचे पैसे आणि रद्द करण्याची फी कापून बाकीचे परत. फी हा शब्द ऐकून आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे घ्यायला पैसं आनि सोडायला बी पैसं?"

दुसऱ्या दिवशी मी मावशींना फोन करून अडखळत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही कागद ठेवा, रविवारी येते."

रविवारी त्या शेअर रिक्षाने आल्या, चष्मा लावून खाटेवर बसल्या आणि दोन्ही कागद ओळीवर बोट ठेवत वाचत गेल्या. चहा गार झाला. नवरा समोर हाताची घडी घालून उभा होता, वकिलासारखा. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"दादा, तुमचा स्वस्त आहे, हे खरं. पण पाणी शिरून इंजिन गेलं तर माझ्यात भरपाई आहे, तुमच्यात नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू? आता तुम्ही दोघं ठरवा. माझा मोडलात तरी मला राग नाही. पहिलीच पॉलिसी आहे म्हणून उगाच ठेवू नका, तेवढं सांगायला आले."

पहिलीच, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं. हाताची घडी सोडून तो म्हणाला, "इंजिनचं महत्त्वाचं आहे. माझाच रद्द करतो." आणि आत जाऊन मावशींसाठी स्वतः दुसरा चहा टाकला. लग्नाला बारा वर्षं झाली. पाहुण्यांसाठी त्याने चहा टाकलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. साखर जास्त झाली होती. मावशींनी तरी कप रिकामा केला.

सोमवारी त्याने कंपनीला फोन लावला. आबांना ऐकायचं होतं, म्हणून स्पीकर चालू ठेवला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून नवीनच असावी.

"सर, रद्द करण्याचं कारण सांगाल का?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मीच बोलले, "त्यांनी मला न सांगता घेतला, आणि मी त्यांना न सांगता."

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. "मॅडम, असं कारण आमच्या यादीत नाही. 'दुसरा विमा आहे' असं लिहू का?"

तिने दुसऱ्या पॉलिसीची प्रत पाठवायला सांगितली. गाडी विम्याशिवाय राहता कामा नये म्हणून. मग फी किती कापली जाईल ते सांगितलं. आबा पुढे सरकले. "पोरी, म्या ह्याचा बाप बोलतोय. गाडी दारातच हुबी हाय, कुटं धडकली न्हाई, तुमाला काय तरास दिला न्हाई. मग फी कशापायी?"

"आजोबा, कागद तयार केला, नोंद केली, त्याचा थोडा खर्च असतो."

आबांनी विचार केला. "म्हंजे साखरपुडा मोडला, तर जेवनाचं पैसं कुनी परत देत न्हाई, तसंच व्हय?"

"अगदी तसंच! पण आम्ही फक्त चहापुरतेच कापतो, आजोबा."

ती आता मोकळी हसत होती. आबाही हसले आणि म्हणाले, "मग कापा. चा तर आमी बी पाजतो."

काही दिवसांनी पैसे परत आले. कापलेली रक्कम नवऱ्याने पाहिली, खांदे उडवले. तो आठवडा त्याला सकाळची पाळी होती. कँटीनमध्ये त्याने काय भाषण केलं ते मला माहीत नाही, पण महिनाभरात त्याच्या खात्यातल्या तिघांनी मावशींकडून विमा घेतला. मावशींनी फोन करून मला विचारलं, "अहो, दादा सगळ्यांना इंजिनात पाणी कसं शिरतं ते चित्र काढून दाखवतात म्हणे, खरं का?"

आबांवर मात्र वेगळाच परिणाम झाला. परवा मी त्यांना नवा मोबाइल घ्यायला बाजारात नेलं. दुकानातल्या माणसाने तीन-चार मोबाइल काचेवर मांडले, कॅमेरा दाखवला, बॅटरी सांगितली. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यो परत द्यायचा झाला, तर किती कापशीला?"

"आबा, अजून घेतला कुठं तुम्ही!"

"म्हनूनच तर आदी इचारतोय," आबा म्हणाले आणि निवांत स्टुलावर बसले.