धामणीवर घातलेला आळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. ऐकत असाल तर मधे टोकू नका, नाहीतर पुन्हा गिळून टाकीन.

रामटेकजवळ आमची धानाची शेती. गोठ्यात एक धामण असायची. आपल्याकडे नागाला पूजा आणि धामणीला — जी उंदीर खाऊन आपलंच धान राखते — तिला काठी! बाबा मात्र तिला कोणाला हात लावू देत नसत. धान तिच्यामुळं घरात येतं, म्हणायचे.

सत्तर सालाच्या आसपास मी नागपुरात सायन्सला होतो. अंगात आखाड्याचं भूत शिरलेलं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो की आई उठायच्या आत गाईचं धारोष्ण दूध पिऊन मोकळा. गाय दूध का चोरते, म्हणून आई कावली. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन शब्द ऐकावे लागले असते, बस. पण मी म्हणालो — धामण गाईच्या पायाला विळखा घालून पीत होती, मी पाहिलं.

बाबांना पटेना. साप कुठं दूध ओढतो का, म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले.

"तू सायन्स शिकून राहिला. तू पाह्यलं म्हणतं, तं खरंच असन."

त्यांनी स्वतःच्या हातानं तिला मारलं. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला वेळ होता — भरपूर होता. पेरणीच्या तोंडावर कोठी उघडली, तर बियाण्याचं धान उंदरांनी फस्त केलेलं. बाबा मान खाली घालून शेजाऱ्याकडे बियाणं मागायला गेले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण थांबतोय कसला? पुढं नागपुरात मास्तर झालो. साप शेतकऱ्याचा मित्र, हा धडा आला की दरवर्षी सांगायचो — माझ्या बापानं अंधश्रद्धेपायी धामण मारली. पोरं हसायची. मला ते आवडायचं. काय म्हणावं अशा माणसाला?

एकदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला बाबा आले. ते मागं उभे आहेत हे ठाऊक असूनही मी तीच गोष्ट सांगितली. पोरं वळून त्यांच्याकडे बघून हसली. तेही कसनुसं हसले.

घरी जाताना हळूच म्हणाले, "तूच तं म्हणला होता गा, पाह्यलं म्हणून."

"नाही बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला नीट आठवत नाही."



"असन," म्हणाले.