काचेच्या दारापुढचा फोटो
मोंढ्यात हळदीची धूळ नाकात गेली की हिंगोलीतलं ते सायबर कॅफे आठवतं. पुण्याला मोठ्या कंपनीत लागलो म्हणणाऱ्या मित्रानं त्याच्या वडिलांना प्रिंट काढून द्यायला मला फोटो पाठवला होता. काचेच्या दारापुढं टाय लावून उभा, मागे पाटीचं अर्धंच नाव. इंटरनेटवर शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधायची युक्ती मी नुकतीच शिकलो होतो. पाटीवरचं ते अर्धं नाव तसं शोधलं तर एका हॉटेलची वेबसाइट उघडली. तेच दार, आणि आत ट्रे घेऊन उभा तोच. हुशारी मिरवायला मी कॅफेतल्या सगळ्या पोरांना ओरडून बोलावलं. प्रिंट घेऊन जीपनं त्याच्या गावी, गोरेगावला गेलो तोवर बातमी तिथं पोचली होती. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. "पोळ्याला आला तवा एका हातावर चार ताटं घेऊन वाढत व्हता. आमाला तवाच कळलं," ते म्हणाले. "आमाला माहीत न्हाई असं त्याला वाटायचं, म्हणून तं घरी येत व्हता. आता कसा येईल?" दिवाळीला तो आला नाही. आजही तो कुठं राहतो ते मी बसल्या जागी शोधून काढीन. त्या ओट्यापुढून जाताना मात्र मान वर होत नाही.