माझी आजी गात नव्हती

"हे गाणं कोणी रचलं, कोणालाच ठाऊक नाही," निवेदक सर माईकवर म्हणाले. "ते सातपुड्याच्या वाऱ्यातून आलं. झऱ्यांतून आलं."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. हात लांबवला असता तर त्यांच्या कोटाला लागला असता.

नंदुरबारच्या नाट्यगृहातला कार्यक्रम. पुढच्या रांगेत पाहुणे, त्यांच्यामागे शहरातली घरंदाज माणसं, अगदी मागे आमची हॉस्टेलची पोरं. मी माझ्या माईकमध्ये म्हणाले, "सर, गाणं मी लिहिलंय."

सभागृह हसलं. वाईट हसलं नाही. लहान मूल मध्येच काही बोललं की हसतात, तसं. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, लोकगीत कोणी लिहीत नसतं. ते जन्माला येतं." टाळ्या पडल्या. नंतर माझ्या गाण्याला पडल्या त्यापेक्षा जास्त.

हो, मी गायले. मान खाली घालून, पण गायले.

मी बी.ए. आहे, मराठी घेऊन. आमच्या पाड्यातली पहिली. मोलगीच्या पुढे जीप थांबते, तिथून चालत जावं लागतं, तो पाडा. कॉलेजात लोकसाहित्याचा पेपर होता. 'लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो' हे मीच पाठ करून लिहिलं होतं, आणि मार्कही चांगले पडले होते. म्हणून स्टेजवर उत्तर सुचलं नाही. वाटलं, सर बरोबर असतील. मग मी कोण?

ते गाणं कुठून आलं ते सांगते. वाऱ्यातून नाही आलं.

माझा भाऊ ऊसतोडीला गुजरातेत जातो. वहिनी मागे राहते. आमच्या पाड्यात फोन लागत नाही. संध्याकाळी वहिनी पोराला झोळीत बांधायची आणि टेकडी चढायची. वर एका दगडावर उभं राहिलं की नेटवर्कची एक काडी येते. मी सोबत जायची. ती ओरडायची, "हॅलो, ऐकू येतं का? हॅलो!" अर्धं बोलणं वारा न्यायचा, अर्धं मोबाईलची कंपनी. उतरताना एकदा म्हणाली, "त्याचा आवाज पण आता दुसऱ्याचा वाटतो." तिथून मी गाणं जोडलं. आमच्या बोलीत आहे, इथे मराठीत सांगते:

टेकडी चढले, एकच काडी आली,
तुझी हाक आली, अर्धीच आली,
रिचार्ज संपला की माणूस संपतो का रे?

पहिल्यांदा ते मावशीच्या पोरीच्या लग्नात गायले. बायांनी तिथल्या तिथे उचललं. मग पोरांच्या मोबाईलवर गेलं, मग वरातीच्या बँडच्या पिकअप गाडीवर. नंदुरबारात रफिकभाईंचा छोटा स्टुडिओ आहे. त्यांचे वडील वरातीत क्लॅरोनेट वाजवायचे, हे कीबोर्ड वाजवतात. त्यांनी माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं. एकदा खांडबाऱ्याच्या बाजारात एका दुकानात तेच वाजत होतं. मी विचारलं, "कोणाचं गाणं आहे?" दुकानदार चार्जर शोधत होता. वर न बघता म्हणाला, "जुनं शे ते. आदिवासीस्नं."

माझाच आवाज वाजत होता. मी समोर उभी होते. चार्जर घेऊन निघाले.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "गेलं तर जाऊ दे. चांगलं होतं म्हणून गेलं." काकू भाकरी थापता थापता म्हणाली, "शिकलेली बाई! आता गाण्याचा पण सातबारा काढणार." सगळ्या हसल्या. मीही हसले. आमच्यात गाण्यावर कोणी हक्क सांगत नाही, तो मोठेपणा समजतात. पण पाड्यात नाव लावावं लागत नाही, कारण पाड्यात सगळ्यांना माहीत असतं कोणी जोडलं ते. गाणं खाली उतरल्यावर कोणाला माहीत असतं? हे घरात कोणाला समजावता आलं नाही. शहरात मी वाऱ्यातून आलेली, घरात मी सातबारावाली. त्या रात्री ज्याच्याशी बोलावं, असं एकही माणूस आठवलं नाही.

मग पुण्याची एक म्युझिक कंपनी आली. रफिकभाईंनी जमवलं होतं. माझं तेच गाणं कंपनीच्या गायिकेने आधीच गायलं होतं, संगीत नवीन. व्हिडिओच्या सुरुवातीला त्यांना एक 'खरी आदिवासी मुलगी' हवी होती. म्हणजे मी. बदल्यात पुढचं गाणं माझ्या आवाजात, माझ्या नावाने करू म्हणाले. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं.

शूटिंग देवगोई घाटात. पुण्याहून आणलेले चांदीसारखे दिसणारे दागिने घातले. चष्मा काढायला लावला. समोरचं सगळं धुरकट झालं. दिग्दर्शक जवळ आले. आवाज गोड.

"एकच वाक्य आहे. 'हे गाणं मला माझ्या आजीने शिकवलं.' कॅमेऱ्यात नको बघूस. डोंगराकडे बघून बोल."

"सर, गाणं मी लिहिलंय."

"हो गं, पण आपण पारंपरिक म्हणून टाकतोय ना. लोकांना ते आवडतं."

"परंपरेत रिचार्ज कुठून आला, सर?"

"तेच तर काढलंय. रेंजच्या जागी मोर घेतलाय. मोर जास्त तुमच्यासारखा वाटतो."

"आमच्याकडे मोर आहेत. पण मोरासाठी कोणी पोराला बांधून टेकडी चढत नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. दिग्दर्शकांनी घड्याळ बघितलं. "ऊन जातंय. बोल लवकर."

"माझी आजी गात नव्हती."

"म्हणजे?"

"तिला गाता येत नव्हतं. ती ओरडायची. बकऱ्यांवर, आमच्यावर. लग्नात बाया तिला म्हणायच्या, तू नुसती टाळी वाजव."

"मग पणजी म्हण ना!" ते म्हणाले, आणि सगळं युनिट खदखदून हसलं.

शूटिंगला सोबत आलेले रफिकभाई मला बाजूला घेऊन गेले. चेहरा उतरलेला. "ताई, बोली टाक व. दोन शब्द तर शेतस. मन्हं बी नाव नही तठे. मी काय रडी ऱ्हायनू का?"

"तुम्ही रडायला पाहिजे होतं, भाई."

ते माघारी युनिटकडे गेले. त्यांनाही काम हवं होतं. त्यांचा मला राग नाही.

पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच चाललं होतं. आजी शाळेत गेली नाही, आई गेली नाही. मी गेले. त्या दोघींनी मला धाडलं, म्हणून मी गेले. आणि आता मी डोंगराकडे बघून सांगायचं, की माझं डोकं चालत नाही, मी फक्त ऐकलेलं बोलते? अज्ञात कोणी नसतो. ज्याला कोणी विचारलं नाही तो अज्ञात. इथे तर मी न विचारता सांगत होते, तरी अज्ञात.

दागिने काढून खुर्चीवर ठेवले. चष्मा लावला. माणसांचे चेहरे नीट दिसले.

"मी बोलणार नाही," म्हणाले. "आणि मोराचं गाणं माझं नाही. ते तुम्ही लिहिलंय. तुमच्या आजीचं नाव लावा."

कोणी हसलं नाही. मी घाटातून चालत खाली आले.

त्यांनी दुसरी मुलगी आणली. ती डोंगराकडे बघून बोलली. व्हिडिओ फार चालला. आमच्या पाड्यातल्या पोरांनीही बघितला, वहिनीनेही. ती म्हणाली, "मोर कशाला घातला?" एवढंच. रफिकभाईंचा फोन येणं थांबलं. लग्नसराईत मला गायला नेणारे बँडवाले दुसरीला बोलवायला लागले. 'ती भांडते' असं माझ्याबद्दल सांगतात. मोलगीच्या बाजारात ओळखीची माणसं बोलतात, पण गाण्याचा विषय निघाला की दुसरीकडे बघतात.

मी गाणी थांबवली नाहीत. माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि नेटवर टाकते. ऐकणारे थोडे आहेत. गाण्याआधी नाव सांगून पाहिलं, तर लोक तेवढं कापून पुढे पाठवतात.

म्हणून आता दुसरी रीत धरली. आमच्या लग्नात बाया वरपक्षाला टोमणे मारतात, तेव्हा ज्याला टोमणा मारायचा त्याचं नाव ओळीतच गुंफतात. नाव काढलं की चाल लंगडते, ओळ पडते. आता माझ्या प्रत्येक गाण्याच्या ध्रुवपदात माझं नाव आहे. माझ्या आईचं आहे. पाड्याचं आहे. ताल त्याच्यावरच बांधलाय.

ज्याला माझं गाणं न्यायचं असेल, त्याने न्यावं. त्याला माझं नाव गावं लागेल. गायचं नसेल, तर त्याने स्वतःचं लिहावं.