बॅनरवरचं कोरं कपाळ

"व्हेग म्हणजे काय?" सरांनी विचारलं. मग त्यांनी खडू माझ्यावर रोखला. "तू, मागची. उभी राहा. काल काय केलंस ते इंग्लिशमध्ये सांग."

मी उभी राहिले. तोंडातून नुसतं "आय... आय..." निघालं.

"बघा. हे व्हेग, काही स्पष्ट नाही."

मग पुढचा शब्द, मडल्ड. त्यालाही उदाहरण मीच. "हिच्या डोक्यात सगळी खिचडी." ब्लर्ड म्हणजे अंधूक, त्याला तर सरांनी ट्यूबलाइट बंद केली. "आता दिसते का ही?" पोरं बाकं बडवून हसली. माझ्या रंगावर हसली.

मुरबाडचा इंग्लिश स्पीकिंग क्लास. मी धसईच्या पुढच्या ठाकरवाडीतली. दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी पाहिजे होती, तिथं इंग्लिश लागतं, म्हणून गिळलं सगळं. शी! आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

नोकरी लागली. सरांनी पेढा भरवला, मोबाइलवर माझा फोटो काढला. मला वाटलं, आठवण म्हणून काढला असंल.

पुढच्या आठवड्यात आई मुरबाडच्या बाजाराला आली, मी सोबत होते. एसटी स्टँडसमोर क्लासचा मोठा बॅनर. 'वाडीतून थेट व्हाइट कॉलर!' आई मान वर करून बघत राहिली.

"ही कोन गो? तुझ्यावानी दिसते."

मीच होते. गोरी. गाल मैद्याचे. आणि कपाळ कोरं. लहानपणी आजीनं दोन भुवयांच्या मधे गोंदवून घेतलंय माझं. ते गोंदणच पुसून टाकलं होतं. आईनं तोंडाला पदर लावला. "कपाल पुसलं गो माझ्या पोरीचं. गोंदान मेल्यावर संगं जातं, यांनी जित्तेपनीच काढलं."

तशीच क्लासात घुसले. वर्ग भरलेला.

"सर, बॅनर उतरवा."

"अगं, क्लीन नको का दिसायला? ते गोंदण बघून चांगल्या घरची मुलं येतील का? तू पण ना, अजून कन्फ्यूज्डच."

चांगल्या घरची! ज्या तोंडासाठी लाइट बंद केली, त्याच तोंडावर आता गिऱ्हाइक ओढतोय हा माणूस. तेही तोंड माझं नाय, त्यानं रंगवलेलं.

"मी कन्फ्यूज नाय, सर. तुमाला बॅनरवर माझी नोकरी पाहिजे. मी नको."

या वेळी कोणी हसलं नाय. "उद्या बघू," म्हणून सर फळ्याकडं वळले. उद्या कशाला? मी बाहेर आले. स्टँडवरच्या फळवाल्याकडून सुरी घेतली, बॅनरखालच्या कठड्यावर चढले आणि दोऱ्या कापल्या. सगळं स्टँड बघत होतं. बघू दे. बॅनर खाली पडला, एक टोक आईनं धरलं, एक मी. टराटरा फाडला.

सर धावत आले. "दवाखान्यात फोन करतो तुझ्या. नोकरी घालवीन!"

भीती वाटली. खोटं कशाला सांगू? पण मागं नाय सरले.

"लावा फोन, सर. नोकरी जाऊ दे. परत लावाल तर परत फाडीन."